गळथूथीसाठी थांबलेलं बाळ

मोटी कोटडी
ता. १४ फेब्रुवारी १९७८, दुपार

ती. दमुबेनच्या सेवेशी,
धाकट्या वजुचा सा. न. वि. वि. जय श्रीकृष्ण.

आज पहाटे रसीला बाळंत झाली. मुलगा आहे. दोघंही सुखरूप आहेत. जीवीमा सुईण म्हणाली, पंचवीस वर्षांत एवढ्या सरळपणे कुठलं पोर आलं नाही. याच्या बापानं मात्र तिला दोन रात्री बसवून ठेवलं होतं. म्हणजे आल्या आल्या पोरानं माझी अब्रू काढली.

आता तू लगेच निघ. तुझ्या हातची गळथूथी, पहिलं गोड चाटण, मिळाल्याशिवाय पोराच्या ओठाला काही लावायचं नाही, असं आईनं, आपल्या बानं ठरवलंय. चांदीच्या वाटीत गुळाचं पाणी आणि तुपाचा थेंब तयार आहे, कापसाची वातही वळून ठेवलीय. जो पहिली वात चोखवेल त्याचा स्वभाव पोरात उतरतो, आणि आपल्या घरात स्वभाव म्हणावा असा तुझ्या एकटीकडेच आहे. गल्लीतले लोक म्हणतात, दमुफोईची गळथूथी मिळाली तर पोरगा पाळण्यातूनच सभा घेईल.

पोरगा आधी खूप रडला. मूठ तोंडात घालून चोखत होता. आता निपचित झोपलाय. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती समजूतदार, आत्याची, फोईची वाट बघतोय. रसीलाला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथे करायचं बानंच आवडीनं ठरवलं होतं, पण सकाळपासून तीच जरा गप्प गप्प आहे. थकली असेल.

हे पत्र बसच्या हमीरभाईबरोबर देतोय. संध्याकाळच्या बसनं त्याच्याच शेजारी बसून ये. तुझ्यासाठी पुढची जागा धरून ठेवायला सांगितलंय.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर यावं, ही विनंती.
तुझा वजु

*

महुवा
ता. १४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. वजुस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी वाचून डोळे भरून आले. रसीलाला माझ्या वतीनं जवळ घे. बासमोर लाजू नकोस.

मी येऊ शकत नाही. शाळेतल्या पोरींनी या वयात मला कांजिण्यांचं बक्षीस दिलंय. तोंडापासून तळव्यापर्यंत फोड आहेत. कोवळ्या बाळाजवळ मी येणं म्हणजे पाप. डॉक्टर शिरीनबेन रोज बघून जातात. त्यांनी मला उंबरा ओलांडायला बंदी केलीय.

पण हे पत्र लिहायला घेतलं ते एवढं सांगायला नाही. वजु, पोर पहाटे झालं आणि दुपारपर्यंत त्याच्या पोटात काही नाही? तुला हे लिहिताना काही वाटलं नाही? तो मूठ चोखत होता तेव्हा तो बोलत होता, त्याच्यापाशी तेवढीच भाषा आहे. तो मला मागत नव्हता, आईला मागत होता. आणि आता निपचित पडलाय त्याला शहाणपण म्हणू नका. रडायचं बळ संपलं की बाळ गप्प होतं.

माझी वाट बघू नका. कोणाचीच बघू नका. पत्र वाचून संपायच्या आत बाळाला रसीलाच्या छातीशी द्या. पहिलं दूध पिवळं, चिकट आणि थोडं असतं, ते तसंच असायचं असतं. शिरीनबेन म्हणतात, लहान चमचाभर निघालं तरी या दिवसांत बाळाला तेवढं पुरतं, आणि रोगांपासून राखणारं असं दुसरं काही त्याला मिळणार नाही. गुळाचं पाणी ओतून टाका, तूप रसीलाच्या शिऱ्यात घाला.

उद्या सकाळच्या बसनं उत्तर हवं. बाळ प्यालं, एवढं एक वाक्य पुरे.

तुझी दमुबेन

*

मोटी कोटडी
ता. १५ फेब्रुवारी, सकाळ

ती. दमुबेनच्या सेवेशी, सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं, पण बानं ते आधी कडुनिंबाच्या धुरावर धरलं. तुझ्या अंगावर माताजी आल्यात म्हटल्यावर तिनं तुझ्या नावानं हात जोडले. तुझा दोष नाही म्हणाली. माझ्या बोटांना मात्र अजून धुराचा वास येतोय.

बाकी तू सांगितलंस ते झालं नाही. रागावू नकोस. बा म्हणाली, दमु येत नाही तर तळाजाहून कानजीबापांना आणा. ऐंशी वर्षांत खोटं बोलले नाहीत, कोणाचा पैसा बुडवला नाही, त्यांची गळथूथी म्हणजे पोराचं भाग्य. रात्रीच माणूस पाठवलाय. बापा आज संध्याकाळी किंवा फार तर उद्या येतील.

पिवळ्या दुधाचं मी बाला सांगितलं. ती म्हणाली, ते जड असतं, पोराला बाधतं. जीवीमानं ते राखेत पिळून टाकलं. बा म्हणाली, माझ्या एकाही मुलाला ते मी दिलं नाही. एवढं बोलली आणि गाईला चारा घालायचाय म्हणून उठून गेली. चारा मी थोड्याच वेळापूर्वी घातला होता.

बेन, तू फार तावातावानं लिहितेस. पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशीच वाढली ना? तरी तुला सांगतो, मलाही आता धीर धरवत नाही. आज सकाळी त्याचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा येत होता. काल दुपारपासून त्याचं दुपटं कोरडं आहे. रसीला भिंतीकडे तोंड करून रडते. मला तिच्याशी बोलायला आत सोडत नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम म्हणतात. उंबऱ्यावर बाच बसून असते.

काय करू ते लिही. बाच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा वजु

*

महुवा
ता. १५ फेब्रुवारी, दुपार

वजु,

नमस्कार-आशीर्वादाला वेळ नाही. हमीरभाई खाली हॉर्न वाजवतोय आणि मी त्याला खिडकीतून थांब म्हणतेय.

हे पत्र तू एकट्यानं वाचायचं नाही. अंगणात उभा राहा आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच. बाला ऐकू जायला हवं, रसीलालाही.

बा, गळथूथी द्यायचा मान तू मला दिलास. दिलेला मान तू परत घेऊ शकत नाहीस. मी जिवंत असताना कानजीबापांना का बोलावतेस? मी येऊ शकत नाही, पण माझी गळथूथी काय असेल ते मी ठरवणार. माझी गळथूथी म्हणजे रसीलाचं पहिलं दूध. गुळाचं पाणी माझं नाही, चांदीची वाटी माझी नाही. या पोरात माझा स्वभाव उतरवायचा असेल तर माझा स्वभाव हाच आहे, की भुकेल्याला मी ताटकळत ठेवत नाही. पंधरा कोस दूर असलेल्या म्हाताऱ्याच्या पुण्याईसाठी चार हातांवर असलेलं दूध राखेत पिळणारं घर मला माझं म्हणवणार नाही.

रसीला, आता तुझ्यासाठी. शिरीनबेन शेजारी उभ्या राहून सांगताहेत. बाळाचे कपडे काढ, तुझ्या उघड्या छातीवर त्याला ठेव, वरून शाल घे. तळवे चोळ, पाठीवरून बोटं फिरव, ओलं बोट गालाला लाव. तोंड चांगलं मोठं उघडलं की त्याला छातीशी ओढ. छाती त्याच्याकडे ढकलू नकोस. नुसतं बोंड तोंडात गेलं तर त्याला दूध मिळत नाही आणि तुला जखम होते. भोवतीचा काळा भागही आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला. ओढायला जमलं नाही तर हातानं वाटीत थेंब काढ आणि चमच्यानं ओठांच्या कडेनं सोड. घाई करू नकोस, एक थेंब गिळला की दुसरा. मग पुन्हा छातीशी. दर दोन तासांनी, झोपलेलं असलं तरी उठवून.

वजु, आणि हे तुझ्यासाठी. अंधार पडायच्या आत त्यानं काही घेतलं नाही, अंग ढिलं पडलं, उठवून उठेना, अंग गार लागलं किंवा तापलं, तर कोणाला विचारू नकोस. आई-बाळाला जी गाडी मिळेल तीत घाल आणि इथल्या दवाखान्यात आण. बाच्या शब्दाबाहेर तू कधी गेला नाहीस ना? आज जा. त्याची शिक्षा मी भोगीन.

दमयंती

*

मोटी कोटडी
ता. १७ फेब्रुवारी

ती. दमुबेन यांस,
रसीलाचा शि. सा. न. वि. वि.

बाळ प्यालं. तुम्ही मागितलेलं वाक्य आधी लिहिलं, बाकीचं आता सांगते.

यांनी तुमचं पत्र अंगणात उभं राहून वाचलं. आधी पुटपुटतच वाचलं. मग असे काही वाचू लागले की समोरच्या जेरामभाईंच्या घरातल्या बायका ओट्यावर आल्या. मी आत पडून ऐकत होते. बा उंबऱ्यावर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ होती. वाचून संपलं तरी त्या हलल्या नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. दार मोकळं झालं, एवढंच.

बाळ पहिल्यांदा जागं होईना. मी तळवे चोळून चोळून लाल केले. जीवीमा म्हणाली, आता काय उठतंय. मला ते वाक्य अजून ऐकू येतं. मी वाटीत थेंब काढले, पिवळे, मधासारखे. पहिला थेंब ओठावरून हनुवटीवर ओघळला. दुसराही. तिसऱ्याला जीभ हलली. बेन, एवढीशी जीभ, पण मला तिचा आवाज सगळ्या घरात घुमल्यासारखा वाटला. दिवेलागणीच्या सुमाराला त्यानं छातीशी तोंड उघडलं. यांनी हमीरभाईंना बस थांबवून ठेवायला सांगितली होती, उतारू शिव्या देत होते. मग निरोप पाठवला, जाऊ द्या.

काल कानजीबापा आले. चहा प्याले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, मग मला एवढ्या लांब धक्के खायला लावले कशाला? आशीर्वाद देऊन गेले. रागावले होते की हसत होते, ते मिशांमुळे कळलं नाही.

आता माझी रड ऐका. आज सकाळपासून छाती दगडासारखी झालीय, हात लावू देत नाही. बोंडांना चिरा पडल्यात, तो ओढायला लागला की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाळाला पकडता येत नाही, मग तो किंचाळतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, दूध पुरत नाही, डब्याचं आणा. यांनी बिचाऱ्यांनी डबा आणि बाटली आणूनही ठेवलीय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय उघडलेली नाही. तुम्हाला इथे सगळे फार भितात.

बा माझ्या खोलीत येत नाहीत. माझं जेवण वेळेवर धाडतात, सुंठ घातलेला शिरा स्वतः करतात. पण परवापासून त्यांनी अन्न घेतलेलं नाही. ताकावर आहेत. कोणाशी बोलत नाहीत. त्यांचा मान मोडला म्हणून रागावल्या असतील का?

आपल्या लोभात अंतर पडू देऊ नये.
आपली रसीला

*

महुवा
ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. रसीला हिस अनेकोत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पहिलं वाक्य मी मोठ्यानं वाचलं, आणि शिरीनबेननी आपला चष्मा पुसला. पोरी, तू जिंकलीस.

छाती दगडासारखी झाली म्हणजे दूध उतरलं. दूध पुरत नाही म्हणणाऱ्यांना तेवढं सांग. बाळाला घ्यायच्या आधी गरम पाण्यात पिळलेला कपडा शेकायला धर, हातानं थोडं दूध काढून टाक, छाती मऊ झाली की त्याला नीट पकडता येईल. पाजून झालं की गार पाण्याचा कपडा ठेव. पाजणं थांबवू नकोस, उलट जास्त वेळा घे, नाहीतर गाठी धरतील आणि ताप येईल. ताप आलाच, किंवा छातीवर एखादी जागा लाल होऊन ठणकायला लागली, तर मात्र तू स्वतः शिरीनबेनना दाखवायचं, आणि पाजत पाजत यायचं.

चिरा पडल्या म्हणजे पकड अजून चुकतेय. दुखलं की सोसत बसू नकोस. आपल्या बायकांना सोसण्याची एवढी सवय लावलीय की चुकीचं काही होतंय हे सुद्धा आपल्याला कळेनासं होतं. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून बोट आत सरकव, पकड सोडव आणि पुन्हा मोठ्या उघडलेल्या तोंडानं लाव. पाजल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब चिरांवर लाव आणि वारा लागू दे.

डबा दुकानदाराला परत कर. बाटली जितकी जाईल तितकी त्याची ओढ कमी होईल, आणि त्यानं ओढलं नाही की तुझं दूध खरंच आटेल. त्याला पुरतंय की नाही ते शेजारणींना विचारू नकोस, दुपट्यांना विचार. पाच-सहा दुपटी दिवसाकाठी भिजायला लागली की निर्धास्त राहा. पाणीसुद्धा नको. दूध प्यायल्यावर थोडं तोंडावाटे आलं तर घाबरू नकोस, खांद्यावर घेऊन पाठ चोळ. हिरवं किंवा कारंज्यासारखं उलटलं, किंवा हातापायांचे तळवे पिवळे दिसले, तर इकडे आण.

बाचं मनावर घेऊ नकोस. म्हातारीचा हट्ट आहे, उतरेल. आयुष्यभर तिचा शब्द चालला, एकदा चालला नाही म्हणून उपास करतेय. जुनी पिढी अशीच रुसून बसते आणि आपण तिची समजूत घालत बसतो, तोवर पुढची पिढी उपाशी. मी तिची समजूत घालणार नाही.

लोभ वाढतच राहो.
तुझी नणंद, दमयंती

*

मोटी कोटडी
ता. २१ फेब्रुवारी

चि. दमु हिस बाचे आशीर्वाद.

मी बोलतेय आणि रसीला लिहितेय. तिला सांगितलंय, मधे थांबायचं नाही, रडायचं असेल तर लिहून झाल्यावर रड.

तुझं पत्र मी तिच्याकडून वाचून घेतलं. तू लिहिलंस म्हातारीचा हट्ट आहे. हट्ट नाही, बेटा. मी रुसले पण नाही. मी हिशेब लावत होते, आणि अन्न गळ्याखाली जात नव्हतं.

तुझ्या आधी एक भाऊ होता तुझा, तुझ्या नंतर एक. दोघे गेले हे तुला माहीत आहे. कसे गेले ते घरात कोणी बोललं नाही.

पहिला झाला तेव्हा मी सतरा वर्षांची. तुझ्या दादाजींनी जाफराबादला माणूस धाडला, तिथल्या शेठच्या हातची गळथूथी हवी होती. होडी वाऱ्यात अडकली. पोरगा मूठ चोखत होता. मग थांबला. सगळे म्हणाले, किती समजूतदार. माझा कमखा, अंगातली चोळी, भिजून जायचा. सुईण ते दूध राखेत पिळायची आणि राखेच्या पिवळ्या गुठळ्या व्हायच्या. मी सासूबाईंना एकदा म्हटलं, जरा देऊ का? त्या म्हणाल्या, तुझ्या स्वभावाचं करायचंय का त्याला? शेठ आले, वात चोखवायला गेले, तो चोखेना.

मग तू झालीस. मुलगी म्हणून कोणी कोणाला बोलावलं नाही. वाटी काढली नाही, वात वळली नाही. सगळे आपापल्या कामाला गेले. तू रडलीस, मी तुला पाजलं. विचारायला कोणी नव्हतं आणि अडवायलाही. दमु, तुला गळथूथी दिलेलीच नाही. तू सभेत बोलायला लागलीस तसे लोक विचारायला लागले, हिला कोणाची गळथूथी? लाज वाटायची, म्हणून मी तुझ्या फोईचं नाव सांगायची. ते खोटं आहे. तुझ्या पोटात पहिलं माझंच दूध गेलं.

दुसऱ्या भावाच्या वेळी पुन्हा वाट बघितली. मुलगा होता ना.

वजु झाला तेव्हा दोन गेलेले होते. देवाची नजर चुकवायची म्हणून त्याला जन्मल्याबरोबर गुरं राखणाऱ्या रबाऱ्याच्या झमकूच्या पदरात टाकला, आणि सव्वा रुपया देऊन तिच्याकडून मागून घेतला. तिच्या कडेवर तिचं दूधपितं पोर होतं. ती अडाणी बाई, तिला आपली रीत काय ठाऊक? पोर पदरात पडलं तसं तिनं छातीला लावलं. आम्ही बोलेपर्यंत तो पीत होता. म्हटलं, आता हा देवाच्या हिशेबात रबाऱ्याचा आहे, असू दे. तो जगला. मी म्हणत आले, देवाची नजर चुकली म्हणून जगला.

त्या दिवशी वजु अंगणात तुझं पत्र वाचत होता. मी उंबऱ्यावर बसले होते आणि माझ्या पाठीमागे हे पोर तसंच निपचित होतं. मला चौघांची तोंडं एकदम दिसली. ज्यांची वाट बघितली ते गेले. ज्यांची नाही बघितली ते जगले.

हे मला आधी दिसलं नसेल का? दिसलं असेल. पण दिसलं म्हटलं की पुढचं पण दिसतं. ते बघायला नको म्हणून मी त्या पहिल्या रात्री कानजीबापांना आणायला माणूस धाडला.

तू शिकलीस. तू भीड धरून खोटं बोलत नाहीस, माझ्याशी पण बोलू नकोस. मला एवढंच सांग. ते दोघे उपाशी होते का?

बा

*

महुवा
ता. २२ फेब्रुवारी

ती. बाच्या चरणी,
दमुचा शि. सा. न. वि. वि.

तुला म्हातारीचा हट्ट म्हणाले. माझ्यावर रागव.

शिरीनबेनना मी तुझं पत्र दाखवलं नाही, पण विचारलं. ते कशानं गेले हे इतक्या वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. नाळ पिकली असेल, थंडी लागली असेल, जन्मतः आत काही दोष असेल. आजही चांगलं पाजलेली मुलं जातात. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितेय.

पण तू कशानं गेले असं विचारलंच नाहीस. जे विचारलंस त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. हो, बा. ते उपाशी होते.

आता माझं एक ऐक. तुझ्या पत्रात एक सतरा वर्षांची पोर आहे. तिचा कमखा भिजलाय. त्या घरात तिच्या एकटीपाशी बाळाला हवं ते होतं, आणि तिनं तोंड उघडून विचारलं, जरा देऊ का? घरात शहाणे खूप होते. ओट्यावर बसून होडीची वाट बघत होते. त्यांतल्या एकानं, फक्त एकानं हो म्हणायला हवं होतं. तिला नाही म्हणाले ते. आणि नाही म्हणून वर तिचा स्वभावही काढला. त्या स्वभावाच्या दुधावर मी वाढलेय. आजवर लोकांनी माझ्या जिभेचं श्रेय फोईला दिलं, आता विचारलं तर मी तुझं नाव सांगणार आहे.

त्या दोघांचा न्याय करायचा तर सगळ्या ओट्याला उभं करावं लागेल, आणि त्या पोरीला साक्षीला बोलवावं लागेल. आरोपीच्या जागी मी तिला उभं राहू देणार नाही.

आणि या वेळी उंबऱ्यावरून उठून वाट मोकळी कोणी केली? वजुनं नाही, माझ्या पत्रानंही नाही. कागद काय, धुरावर धरून बाजूला ठेवता आला असता. तू उठलीस.

जेव, बा. रसीलाच्या हातचं जेव. मला खपल्या धरल्यात, त्या पडल्या की येते, आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवते. या वयात चालत असेल तर.

तुझ्या मायेला पारखी नसलेली,
दमु

*

मोटी कोटडी
ता. ९ एप्रिल १९७८

ती. दमुबेन यांस,
रसीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेल्यापासून पत्र लिहायचं राहिलं. याचं कारण माझ्या मांडीवर आहे आणि आत्ताही लिहू देत नाही. तुम्ही ठेवलेलं कौशिक हे नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला शेठ म्हणतात, कारण तो दिवसभर खातो आणि काही करत नाही. गाल इतके आलेत की डोळे शोधावे लागतात. चिरा बऱ्या झाल्या. डब्याचे पैसे दुकानदारानं परत दिले नाहीत, त्याबदल्यात साबण दिला.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं.

परवा समोरच्या जेरामभाईंची सून बाळंत झाली. मुलगा झाला. त्यांचे साडू सुरतेत हिऱ्यांच्या धंद्यात मोठे झालेत, त्यांना तार केली. गाडीनं येणार, पोचायला दुसरा दिवस उजाडणार. वाटी तयार, वात तयार. ओट्यावर पाहुण्यांच्या चहाची तयारी. पोराचा रडण्याचा आवाज आमच्या अंगणात येत होता. बा बाजरी निवडत होत्या. दुपारी आवाज थांबला.

बांनी सूप खाली ठेवलं. मी त्यांच्यामागे गेले. बेन, तुम्ही तर त्यांना ओळखता. गावातल्या मोठ्या पुरुषांपुढे त्या आजवर पदर तोंडावर ओढल्याशिवाय गेल्या नाहीत. परवा पदर डोक्यावर होता, तोंड उघडं होतं. जेरामभाई उठून उभे राहिले, या संतोकबा म्हणाले. बा बसल्या नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाल्या, मी माझे दोन मुलगे मोठ्या माणसांची वाट बघत उपाशी ठेवले आणि मातीत दिले. तुमच्या पाहुण्याला पोराला जेवढं द्यायचं ते नंतर देऊ दे. आधी मला आत जाऊ द्या.

कोणीतरी म्हणालं, बा, शुभ दिवशी असं बोलू नये. बा म्हणाल्या, मी चाळीस वर्षं नाही बोलले, तेवढं पुरे झालं.

त्या आत गेल्या. ती पोर घाबरून आकसून बसली होती. बांनी तिच्या पाठीशी गोधडी दिली, बाळ उघडं करून तिच्या छातीवर ठेवलं, तळवे चोळले. मला सांगू लागल्या, तू बोल, तुला माहीत आहे कसं ते. मी सांगत गेले, त्यांचे हात करत गेले. बऱ्याच वेळानं बाळानं पकड घेतली. ती पोर रडायला लागली, तर बांनी तिला हलकेच दटावलं, हलू नकोस, सुटेल.

घरी आल्यावर मी जेवायला वाढायला घेतलं. त्या म्हणाल्या, थांब. अंगणातल्या मोरीवर बसल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं, आपण स्मशानातून आल्यावर घेतो तसं. मी घाबरले. धावत गेले, विचारलं, कोण गेलं? बा, काय झालं?

त्या म्हणाल्या, नवीन कोणी नाही. तान्ह्यांचं सुतक धरत नाहीत, म्हणून त्या दोघांसाठी कोणी अंघोळ केली नव्हती. दुसरी घागर आण.

मी आणली. पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

आता त्या झोपल्यात. तुमची आठवण काढत होत्या. आहे तशी माया आम्हा सगळ्यांवर ठेवावी.

आपली रसीला